खाऱ्या पाण्याचा सम्प आता गोड्या पाण्यावर

मार्चमध्ये आमच्या सोसायटीत एक दिवसाआड पाणी सुरू झालं, तेव्हा मी रीफ टँक, म्हणजे कोरलची खाऱ्या पाण्याची टाकी, बंद करायचं ठरवलं. रोज चारेक लिटर पाणी उडून जायचं. ते भरायला आरओचं पाणी लागायचं आणि आमचा आरओ एक लिटर देताना तीन लिटर गटारात सोडायचा. आई स्वयंपाकघरात बादल्या भरून ठेवतेय आणि बाल्कनीतल्या नळीतून स्वच्छ पाणी वाहून जातंय, हे मला बघवेना. क्लाउनफिशची जोडी आणि कोरल ठाण्याच्या मित्राकडे गेली. चार फुटी टाकी, स्टँड आणि खालचा सम्प, म्हणजे पाणी गाळायची टाकी, मात्र राहिला.

सम्प ९० × ४० × ४० सेंटीमीटरचा. पहिल्या कप्प्यात फिल्टर सॉक (गाळणीची पिशवी) आणि बुडबुड्यांनी घाण काढणारा स्किमर, मधल्यात लाइव्ह रॉक (जिवाणू वाढलेले समुद्री दगड) आणि शेवाळ, शेवटच्यात पाणी वर पाठवणारा रिटर्न पंप. काच शाबूत, वरचं पाणी खाली आणणारा ओव्हरफ्लो शाबूत. मग त्यावरच गोड्या पाण्याची टाकी चालवायची असं ठरवलं. मला वाटलं होतं, धुतला आणि पाणी भरलं की झालं. तसं होत नाही. खाऱ्या पाण्याच्या सम्पची रचना मिठाच्या हिशेबाने केलेली असते.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण म्हणजे स्किमर. मी मुद्दाम तो साध्या पाण्यात चालवून बघितला. खाऱ्या पाण्यात नळकांडं दुधासारखं पांढरं दिसायचं. बुडबुडे इतके बारीक की एकेकटा दिसायचाच नाही. साध्या पाण्यात वाटाण्याएवढे बुडबुडे भरभर वर येऊन फुटत होते. फेस साठायचा कप कोरडाच राहिला. मिठामुळे बुडबुडे एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून ते बारीक राहतात, घाण त्यांना चिकटते आणि घट्ट फेस होऊन वर चढते. मीठच नाही म्हटल्यावर यातलं काहीच घडत नाही. स्किमर मित्राला देऊन टाकला आणि सम्पमधली सगळ्यात मोठी जागा मोकळी झाली.

धुण्याचं काम चिकाटीचं आहे. पंपावर जांभळं कोरलाइन शेवाळ दगडासारखं बसलं होतं. अर्धं पांढरं व्हिनेगर आणि अर्धं पाणी यात रात्रभर बुडवलं, सकाळी टूथब्रशने सालपटं निघाली. नंतर सम्पमध्ये साधं पाणी भरून पंप एक दिवस चालवायचा, ओतून द्यायचं, पुन्हा भरायचं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर आरओमुळे घरात होताच. आमच्या नळाचं पाणी ८५ दाखवतं. पहिल्या धुण्यानंतर ९४०, तिसऱ्यानंतर ९०. तिथे थांबलो.

कुणी जुना सम्प विकत घेत असेल तर एक गोष्ट विचाराच: त्या टाकीत कधी तांब्याचं औषध घातलं होतं का? खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या व्हाइट स्पॉट या रोगावर ते देतात. दगडात आणि वाळूत ते मुरून बसतं, आणि कोळंबी किंवा गोगलगाय सोडली तर ती मरते. माझ्याकडे कोरल होते, त्यामुळे तांब्याचा प्रश्नच नव्हता.

आता चूक सांगतो. लाइव्ह रॉक काढले, कारण ते चुन्याचे, पाणी कठीण करणार. मलावी सरोवरातले सिक्लिड मासे पाळणाऱ्याला ते सोन्यासारखे, म्हणून तशा एकाला दिले. पण सिरॅमिक रिंगा मी ठेवल्या. माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया संपवणारे सहा वर्षांचे जिवाणू त्यांच्यात आहेत, टाकी लगेच तयार होईल, असा विचार केला. नळाखाली धुऊन पहिल्या कप्प्यात टाकल्या आणि चौथ्या दिवशी आठ झेब्रा डॅनिओ सोडले. सहाव्या दिवशी तीन मेलेले होते. अमोनियाची टेस्ट केली तर परीक्षानळी हिरवीगार झाली. एक रिंग फोडून नाकाशी धरली. ओहोटीला खाडीच्या चिखलाचा येतो तसा वास. खाऱ्या पाण्याचे जिवाणू गोड्या पाण्यात एकदम आले की टिकत नाहीत, आणि छिद्राछिद्रांत वाढलेले किडे, स्पंज सगळे मरून आतच कुजत होते. म्हणजे ज्या रिंगा अमोनिया संपवतील असं मी धरून चाललो होतो, त्याच तो तयार करत होत्या. ते तीन मासे माझ्या घाईने गेले. उरलेले पाच दुसऱ्या एका मित्राच्या गोड्या पाण्याच्या चालत्या टाकीत नेऊन ठेवले, रिंगा फेकल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली. त्याच्याच फिल्टरमधला स्पंजचा एक तुकडा आणून सम्पमध्ये टाकला, तरी अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर यायला साडेचार आठवडे लागले.

त्या आठवड्यांत आतली रचना बदलली. रीफच्या सम्पमध्ये पाणी मीडियातून, म्हणजे ज्यावर जिवाणू वाढतात त्या सामानातून, जावं अशी सोय सहसा नसते, ते कडेने निघून जातं. मला ते खालून वर, मीडियातूनच जायला हवं होतं. स्किमरला साधारण २० सेंटीमीटर पाणी लागतं म्हणून मधली काच तेवढीच उंच होती. ती काढून २८ सेंटीमीटरची ६ एमएम काच बसवली. जुनं सिलिकॉन ब्लेडने पूर्ण खरवडावं लागतं, कारण नवं सिलिकॉन जुन्यावर धरत नाही. खरवडून, स्पिरिटने पुसून, नवं लावून दोन दिवस हात लावला नाही. तोवर घरभर व्हिनेगरसारखा वास होता.

पहिल्या कप्प्यात सॉकऐवजी आता फोम आणि त्यावर सिंथेटिक कापूस. मधल्यात बोहरी आळीतून आणलेल्या भांडी घासायच्या प्लास्टिकच्या घासण्या, चार डझन, उकळत्या पाण्यातून काढलेल्या. साबण लावलेल्या किंवा तारेच्या घेऊ नका. रीफच्या वेळी बायोबॉल (जिवाणू वाढायचे प्लास्टिकचे गोळे) मी नायट्रेट वाढतं म्हणून काढून टाकले होते. इथे टाकीत झाडं आहेत, त्यांना नायट्रेट हवंच असतं. जिथे समुद्री शेवाळ वाढवायचो, त्या दिव्याखाली आता मनीप्लँट आहे, मुळं पाण्यात आणि पानं बाहेर. झाडांसाठी कार्बन डायऑक्साइड मी सोडत नाही. जे सोडतात त्यांनी पाणी पडतं तो कप्पा झाकून घ्यावा, नाहीतर तो गॅस तिथेच उडून जातो.

पंप ताशी ४००० लिटरचा आहे, तो कंट्रोलरवर निम्म्याच्याही खाली आणला. मीडियातून पाणी सावकाश गेलेलं बरं. प्रवाह आवडणाऱ्या माशांसाठी वरचा वेव्हमेकर तसाच ठेवला.

आणि वीज. पाण्याची पातळी वाढवली म्हणजे लाइट गेल्यावर वरून उतरणाऱ्या पाण्यासाठी जागा कमी उरली. टाकी १२० × ४५, म्हणजे एक सेंटीमीटर पाणी उतरलं की ५.४ लिटर. चार सेंटीमीटर आणि पाइपमधलं मिळून जवळपास २५ लिटर, म्हणजे सम्पमध्ये सात सेंटीमीटर चढ. हिशेब बसत होता. स्विच बंद करून टॉर्च घेऊन खाली बसलो, तर पाणी चढतच राहिलं. काठाला आलं तेव्हा घाईने रिटर्नचा पाइप वर उचलला. पंप बंद पडल्यावर त्याच पाइपातून पाणी उलटं खेचलं जाऊ नये म्हणून पाइपला सायफन तोडायचं भोक पाडलेलं असतं, ते मिठाने पार बुजलं होतं. सगळं धुतलं, तेवढं एक भोक राहिलं. टाचणीने मोकळं केलं आणि पुन्हा स्विच बंद केला. या वेळी पाणी काठाखाली तीन बोटं थांबलं. आता दर महिन्याला टाचणी फिरवतो.

टाकीत सध्या पाच डॅनिओ, सहा झेब्रा लोच आणि आठ मिस केरला आहेत. झेब्रा लोच कृष्णेच्या खोऱ्यातले, मिस केरला सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडच्या नद्यांतले. दोन्ही रानात कमी होत चाललेत, म्हणून टाकीत पैदास केलेलेच मिळेपर्यंत थांबलो. मिस केरला दिवसभर वेव्हमेकरसमोर तोंड करून उभे असतात.

आरओ काढून टाकला. नळाचं पाणी, अँटी क्लोरीनचे थेंब, एवढंच. दर रविवारी ५० लिटर पाणी काढतो. खारं पाणी कुठल्या झाडाला घालता येत नव्हतं, मोरीतच जायचं. आता रविवारी सकाळी चहाच्या आधीच आई बाल्कनीतून हाक मारते, "अरे, पाणी काढतोयस ना? मोगऱ्याची माती वाळलीय."