सप्टेंबरमधला मोकळा शनिवार

आमचा संघ ज्या मॅचमध्ये हरण्याची शक्यता सगळ्यात जास्त, त्याच मॅचचे आम्हाला सगळ्यात जास्त पैसे मिळतात. अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका मध्यम सरकारी विद्यापीठाच्या क्रीडा विभागात मी काम करते. फुटबॉल म्हणजे इथला, हेल्मेट आणि पॅड घालून खेळतात तो. संघाचं वेळापत्रक, प्रवास आणि करार माझ्याकडे असतात.

इथल्या कॉलेज फुटबॉलच्या पहिल्या विभागात दोन थर आहेत. वरचा एफबीएस, त्याखालचा एफसीएस. आम्ही खालच्या थरात. २०२५ पर्यंत आमच्या हंगामात साधारण ११ मॅच असायच्या. त्यातल्या आठ आमच्या कॉन्फरन्समधल्याच, म्हणजे आमच्या विद्यापीठांच्या गटातल्याच संघांशी, त्या ठरवण्यात आमचा हात नसतो. उरलेल्या तीन आपण जुळवायच्या. त्यातली एक तरी ‘गॅरंटी गेम’ असते: वरच्या थरातलं एखादं धनाढ्य विद्यापीठ आम्हाला आपल्या मैदानावर बोलावतं, ठरलेली रक्कम देतं आणि परतीच्या मॅचसाठी आमच्याकडे कधीच येत नाही. त्यांचं स्टेडियम भरतं, खात्यात एक विजय जमा होतो. बोल गेमला, म्हणजे वरच्या थरातल्या हंगामानंतरच्या मानाच्या मॅचला, पात्र व्हायला सहा विजय लागतात आणि त्यात एफसीएस संघावरचा एकच विजय धरता येतो. तोही काही वर्षांपूर्वीच्या नियमाप्रमाणे आमच्यासारख्या संघाने ६३ शिष्यवृत्त्यांपैकी सरासरी ९० टक्के दिल्या असतील तरच धरला जायचा. त्यामुळे करारावर सही होण्याआधी पाहुण्या संघाच्या शिष्यवृत्त्यांचा हिशेब मागितला जायचा.

त्या चेकवर आमच्याकडे मुलींचा सॉकरचा संघ प्रवास करतो, क्रॉस-कंट्रीची मुलं धावतात. म्हणून या पैशाला कुणी नावं ठेवली की मला राग येतो.

काही वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत एका सकाळी आमच्या डायरेक्टरांना फोन आला. सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी ज्या बड्या विद्यापीठाकडे आम्ही जाणार होतो, त्यांना टीव्हीवर जास्त चालेल असा प्रतिस्पर्धी मिळाला होता. आमची मॅच रद्द. करारात यासाठी भरपाईची रक्कम असते, तिला सगळे ‘बायआउट’ म्हणतात. पण त्यांनी लगेच पर्यायही पुढे केला. दक्षिणेतल्या एका अतिबलाढ्य संघाचा तोच शनिवार मोकळा होता, रक्कम जवळपास तेवढीच, आणि उत्तर संध्याकाळी पाचपर्यंत हवं होतं. तो पर्याय आम्ही घेतला तर भरपाई देण्याची त्यांना गरजच उरत नव्हती.

डायरेक्टरांनी मला दुसरी सोय बघायला सांगितली. आमच्या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात. कोणाची कुठली तारीख रिकामी आहे, याची यादी प्रत्येकाजवळ असते. दोन तास फोनवर गेले. बसने पाच तासांवरचं एक विद्यापीठ तयार झालं. वरच्या थरातलं, पण तिथल्या छोट्या कॉन्फरन्समधलं. रक्कम मात्र जवळपास निम्मी.

दुपारी बैठक बसली. कोचना दक्षिणेचाच संघ हवा होता, आणि त्यांचं म्हणणं उथळ नव्हतं. तिकडच्या शाळांतली मुलं आमच्याकडे यावीत म्हणून ते वर्षानुवर्षं खपत होते. शिवाय आमच्यासारख्या प्रत्येक कोचच्या मनात १ सप्टेंबर २००७ कोरलेला आहे. त्या दिवशी ॲपलाचियन स्टेट या एफसीएस संघाने देशात पाचव्या क्रमांकावर असलेल्या मिशिगनला त्यांच्याच स्टेडियममध्ये ३४-३२ असं हरवलं होतं. पाहुण्यांना त्या मॅचचे ४ लाख डॉलर मिळाले होते. शेवटच्या क्षणी अडवलेली मिशिगनची किक आमच्या लॉकर रूममध्ये दर ऑगस्टला दाखवतात.

माझ्या डोळ्यांसमोर मात्र २०१२ चं सव्हाना स्टेट होतं. जॉर्जियातलं छोटं, कृष्णवर्णीयांच्या शिक्षणाची परंपरा असलेलं विद्यापीठ. लागोपाठ दोन शनिवारी ते ओक्लाहोमा स्टेट आणि फ्लोरिडा स्टेट यांच्याकडे गेले. पहिली मॅच ८४-० गेली. दुसरीत फ्लोरिडा स्टेट सत्तर गुणांहून जास्त फरकाने जिंकेल असंच पैजांच्या बाजारात धरलं होतं. ५५-० झालेलं असताना वादळी हवेमुळे ती मॅच तिसऱ्या क्वार्टरमध्येच थांबवावी लागली. दोन्ही मॅच मिळून विद्यापीठाला ८ लाख ६० हजार डॉलर मिळाले. २०१९ मध्ये ते पहिला विभाग सोडून दुसऱ्या विभागात गेले.

आमच्या वाळवा तालुक्यातल्या गावी जत्रेच्या कुस्त्यांना आजोबा पंचांत असायचे. उतरलेल्या पोराची मान, खांदा, मांडी नजरेने तोलून ते जोड लावायचे. इनाम कितीही मोठं असो, बेजोड कुस्ती त्यांनी कधी लागू दिली नाही. आमच्याकडे आधी इनाम ठरतं, जोड मागाहून बघितली जाते.

बैठकीत मी आकडे मांडले. पहिल्या शनिवारी आम्ही आधीच एका भारी संघाकडे जाणार होतो. तिसऱ्या शनिवारी कॉन्फरन्सची पहिली मॅच, तीही गतविजेत्याशी. कॉन्फरन्स जिंकली की २४ संघांच्या प्लेऑफमध्ये थेट प्रवेश, म्हणजे आमचा सगळा हंगाम त्या आठ मॅचवर उभा. वरच्या थरातल्या संघाकडे तेव्हा ८५ शिष्यवृत्त्या होत्या, आमच्याकडे ६३. हा फरक पहिल्या क्वार्टरमध्ये दिसत नाही. तेव्हा दोन्हीकडचे अकराच्या अकरा ताजे असतात. तिसऱ्या-चौथ्यात ते त्यांच्या बचावफळीतले ताजे गडी पाळीपाळीने आत आणतात आणि आमचे तेच पाच लाइनमन, म्हणजे पुढच्या फळीतले धडक घेणारे गडी, त्यांना अंगावर घेत उभे असतात. आमच्या या पाचांमागे राखीव म्हणून पहिल्या वर्षाची पोरं, नुकती शाळेतून आलेली. गुडघे आणि खांदे जातात ते त्याच वेळी.

मग आमच्या ॲथलेटिक ट्रेनरबाई बोलल्या. आधीच्या हंगामात अशाच मॅचनंतरच्या रविवारी उपचारांच्या खोलीत कोण कोण होतं, हे त्यांनी नावानिशी वाचून दाखवलं. त्यातले तीन लाइनमन पुढची मॅच खेळू शकले नव्हते. इतक्या वर्षांत वेळापत्रकाच्या बैठकीला त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. त्या दिवशी त्या आल्या, कारण सकाळी मी जाऊन त्यांना यायला सांगितलं होतं.

डायरेक्टर म्हणाले, “पटतंय. पण निम्मी रक्कम मी कुठून आणू?”

म्हणून मी करार पुन्हा काढला. पर्यायी मॅचच्या कलमात स्पष्ट होतं की पर्याय आम्हाला लेखी मान्य असला पाहिजे. म्हणजे नाही म्हणण्याचा हक्क आमचा होता, आणि नाही म्हटलं तर भरपाई लागू होत होती. विद्यापीठाच्या वकिलांनी तेच सांगितलं, पण समोरचे भांडले तर पैसे हातात यायला वर्ष लागेल अशी ताकीदही दिली. धोका खरा होता. तोवर मुलींच्या प्रवासाचे पैसे कुठून तरी उभे करावे लागणार होते.

चार वाजता कोच आमच्या शेवटच्या वर्षातल्या टॅकलला, म्हणजे त्या पाच लाइनमनपैकी एकाला, घेऊन आले. सहा फूट पाच इंच, अत्यंत मृदू बोलणारा मुलगा. “मला नव्वद हजार लोकांसमोर खेळायचंय,” तो म्हणाला. “मी पुढे व्यावसायिक खेळणार नाही, हे मला माहीत आहे. ही एकच संधी आहे.” यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. त्याचं शरीर त्याचं होतं आणि इच्छाही त्याचीच. पण त्याच्या मागे उभं राहणाऱ्या अठरा वर्षांच्या पोराला कुणी विचारलेलं नव्हतं, आणि लाइनमन पडला की आत जाणार तोच. मी हे त्याच्यासमोरच म्हटलं. कोच बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, “दक्षिणेवाले पुढच्या एखाद्या वर्षी, पहिल्या शनिवारी घेतील का?”

पाचला दहा मिनिटं असताना मी त्यांच्या वेळापत्रकवाल्यांना फोन केला. दोन वर्षांनंतरचा पहिला शनिवार रिकामा होता. त्याच्या पुढच्या आठवड्यात आम्हाला घरी हलकी मॅच ठेवता येत होती. ते तयार झाले. डायरेक्टरांनी रद्द करणाऱ्यांना पर्याय नाकारल्याचं पत्र पाठवलं आणि पाच तासांवरच्या विद्यापीठाला होकार कळवला.

टॅकलला मी स्वतः जाऊन सांगितलं. दोन वर्षांनी तो इथे नसणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. त्याने मान हलवली आणि नव्या संघाचे व्हिडिओ कधी मिळतील, एवढंच विचारलं. मला अजूनही वाटतं की निर्णय बरोबर होता, आणि त्याच्या वाट्याला जे आलं ते अन्यायाचंच होतं.

भरपाई पत्रापत्रीनंतर आली, ठरल्यापेक्षा थोडी कमी, पण मुलींचा कुठलाही दौरा रद्द झाला नाही. सप्टेंबरमध्ये आम्ही दहा गुणांनी हरलो. तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी बरोबरी होती. रस्ता बसचा असल्यामुळे बऱ्याच मुलांचे आईवडील गाड्या घेऊन आले होते. पुढच्या शनिवारी गतविजेत्यासमोर तेच पाच लाइनमन उतरले आणि ती मॅच आम्ही जिंकली.

तेव्हापासून आमच्या प्रत्येक करारात मी दोन गोष्टी पाहते: कॉन्फरन्सच्या पहिल्या मॅचच्या आधीच्या शनिवारी गॅरंटी गेम नसावी, आणि पर्यायी मॅच आमच्या लेखी संमतीशिवाय ठरू नये. हे टिकवणं आता अवघड होत चाललं आहे. वरच्या थरातल्या बड्या कॉन्फरन्सपैकी बिग टेन आणि बिग ट्वेल्व्ह आधीपासूनच कॉन्फरन्सच्या नऊ मॅच खेळतात. एसईसी या दक्षिणेतल्या बड्या कॉन्फरन्सनेही २०२६ पासून आठच्या नऊ केल्या, आणि बाहेरच्या उरलेल्या तीनपैकी एक बड्या संघाशीच हवी अशी अट आहे. आमच्यासारख्यांसाठी जागा कमी होत आहेत. जागा कमी झाल्या की मिळेल त्या तारखेला, मिळेल त्या संघाकडे जायला लोक तयार होतात. लागोपाठ दोन शनिवारी दोन बलाढ्य संघांकडे जाण्याचा प्रस्ताव आमच्यासमोरही येऊन गेला. रक्कम मोठी होती. मी विरोध केला आणि पुन्हा आला तर पुन्हा करीन.

पुढच्या आठवड्यात २०३१ च्या सप्टेंबरची बोलणी आहेत. बैठकीच्या निमंत्रणात ट्रेनरबाईंचं नाव आहे.