प्लगच्या खड्ड्यातलं पाणी

गाडी गॅरेजच्या दारात आली तीच थरथरत. न्यूट्रलला उभी असूनही बॉनेट हलत होतं आणि मीटरवरचा इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकत होता. मालक काकुळतीला येऊन म्हणाले, "काहीच केलं नाही हो, काल फक्त इंजिन धुतलं."

हा दिवा नुसता पेटलेला असेल तर थोडा दम धरता येतो. लुकलुकायला लागला की मी आधी इंजिन बंद करायला लावतो. न जळलेलं पेट्रोल धुराबरोबर पुढे जातं आणि सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून कायमचा निकामी होऊ शकतो. स्कॅनर लावला. कोड पी०३०३, म्हणजे तिसरा सिलिंडर मिसिंग, त्यात पेट्रोल नीट पेटत नाही.

वरून सगळं कोरडं ठणठणीत होतं. तिसऱ्या नंबरची, म्हणजे त्या सिलिंडरच्या प्लगला ठिणगीची वीज देणारी कॉइल उपसली तेव्हा मात्र तिच्या रबरी बुटाच्या, म्हणजे प्लगवर बसणाऱ्या नळीच्या टोकाला थेंब लोंबत होता. टॉर्च मारून पाहिलं तर प्लगच्या खड्ड्यात बोटभर पाणी, वर तेलाचा तवंग. बूट पुसून उजेडात धरला. आतून केसाएवढी काळी रेघ उतरली होती. कॉइलमधून वीस-तीस हजार व्होल्ट निघतात. प्लगच्या फटीत उडी मारण्यापेक्षा ओल्या रबरावरून इंजिनच्या धातूत उतरणं त्यांना सोपं जातं. एकदा ही रेघ जळली की बूट वाळवूनही उपयोग नसतो, ठिणगी तीच वाट धरते.

माझ्या हाताखालच्या पोराने प्लगपाना उचलला, तसा मी त्याचा हात धरला. त्या क्षणी प्लग सैल केला असता तर सगळं पाणी सिलिंडरमध्ये गेलं असतं. सिरिंजला बारीक नळी लावून आधी पाणी ओढून घेतलं, मग भोवती फडकं धरून कॉम्प्रेसरची हवा मारली. प्लगच्या चिनी मातीवरही तीच रेघ निघाली. प्लग आणि बूट दोन्ही नवे टाकले. इंजिन एका लयीत चालू लागलं.

जाता जाता अल्टरनेटरचा, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा कपलर (वायरींचा जोड) उघडून पाहिला. सील फाटलेलं, पिनांवर हिरवट थर चढायला लागलेला. तो थर कालच्या पाण्याचा नव्हता. आधीच्या धुण्यांचा होता.

मालकांना इंजिन स्वच्छ ठेवायची मनापासून हौस. मी त्यांना धुऊ नका म्हटलं नाही, कारण स्वच्छ इंजिनवर तेलाची गळती लगेच दिसते. एका बाजूचा चिखल अजून तसाच होता, तोच त्यांच्यासमोर धुतला. इंजिन कोमट होऊ दिलं, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), कॉइलची रांग आणि एअर फिल्टरचं तोंड, पाचांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून कडा टेपने आवळल्या. पिशवीचं तोंड खाली ठेवायचं, नाहीतर तीच पाणी साठवते. तेलकटपणा काढणारा डीग्रीझर मारून ब्रशने घासलं आणि साध्या नळाच्या हलक्या धारेनं धुतलं. त्यांनी काल प्रेशर वॉशर वापरला होता. कपलरचं सील उडालेले शिंतोडे अडवतं. वॉशरची धार जवळून मारली की पाणी सीलखालून आत शिरतं.

हवा मारून फटी कोरड्या केल्या, बॉनेट तासभर उघडं ठेवलं. विसरलेली पिशवी बेल्टमध्ये अडकते किंवा हवेच्या तोंडाला चिकटते, म्हणून काढताना मी मोठ्याने मोजतो. पाच बांधल्या होत्या, पाच हातात आल्या. मग वायर जोडली आणि चावी त्यांच्याकडे दिली.