साठ अंशांवर चवळी धावून आली

आज सुरिमीची (धुऊन, मीठ घालून वाटलेल्या माशाच्या खिम्याची) चकती चौपदरी दुमडली आणि तडा गेला नाही! ३ मिमी जाडीची, राणी माशाची, तीही मुद्दाम ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवून मग ९० अंशांवर शिजवलेल्या वळकटीतली. मागच्या नोंदीतल्या मोदोरीवर, म्हणजे शिजताना सुरिमीचं जेल ढासळण्यावर, पहिल्यांदाच ठोस काही हाती लागलंय.

वडोदऱ्यात मे महिन्यात नळालाच कोमट पाणी येतं, म्हणून खिमा धुवायला बर्फ लागतोच. पण कितीही धुतलं तरी स्नायूंच्या धाग्यांना चिकटलेले प्रोटीएज (प्रथिनं तोडणारी विकरं) निघत नाहीत. ५० ते ७० अंशांच्या पट्ट्यात ते मायोसिन, म्हणजे जेल बनवणारं स्नायूतलं मुख्य प्रथिन, तोडतात आणि ४० अंशांवर छान बसलेलं जेल ढासळतं. जाड वळकटीचा गाभा हा पट्टा सावकाश ओलांडतो, त्यामुळे भुसभुशीत व्हायचा तो गाभाच.

अंड्याच्या पांढऱ्याने फरक पडत होता, पण वास मागे राहायचा. बटाट्याच्या रसाने रंग काळपट पडला. राणी माशात सेरीन गटातले प्रोटीएज उपद्रवी, आणि चवळीतले ट्रिप्सिन रोधक (ट्रिप्सिनसारख्या प्रोटीएजना निकामी करणारी प्रथिनं) याच गटाला अडवतात. म्हणून चवळीकडे वळलो. पीठ ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात ढवळून गाळलं, ते पाणी १० मिनिटं ९० अंशांवर ठेवलं. चवळीची बाकीची बरीच प्रथिनं साकळून खाली बसली. रोधक उष्णतेला दाद देत नाहीत, ते वरच्या निवळीत राहिले. एकाच खिम्याचे दोन भाग केले, एकात ही निवळी घातली, मीठ दोन्हींत २.५ टक्के. साध्या वळकटीची पिशवी उघडताच पाणी ओघळलं आणि चकती पहिल्याच घडीला तुटली. चवळीवाली सुरी लावताना रबरासारखी मागे रेटत होती.

मिक्सरचं भांडं आणि पातं फ्रीझरमध्ये ठेवूनच वापरा. वाटण १० अंशांच्या वर गेलं की प्रथिनं आधीच बिघडतात. थर्मामीटर सळईवालाच घ्या, गाभ्याचं तापमान त्याशिवाय कळत नाही.

आता निवळीचं प्रमाण वाढवायचं ठरवलं होतं. पण रंग किंचित पिवळसर आलाय, तेव्हा लिहिता लिहिता बेत उलटा झाला: निवळी कमी करत जायची आणि वळकटी बारीक वळायची, म्हणजे गाभा तो पट्टा पटकन ओलांडेल. तुरीच्या डाळीतही असेच रोधक असतात, तीही आज भिजत घालतोय. १ जूनला मासेमारी बंदी लागेल, त्याआधी वेरावळचा ताजा माल मिळतोय तोवर दोन्ही करून बघतो.