धुऱ्यावरचं सामाईक कुंपण: पोलची जाडी ठरवतानाचा माझा अनुभव

सिमेंटचे पोल ओतणाऱ्याकडे गेलं की एकच प्रश्न येतो, "सात फुटी की आठ फुटी?" जाडी कोणी विचारत नाही. आपण विचारली तर "चार बाय चारच असते भाऊ" एवढ्यावर विषय संपतो. आत सळई किती, ती कडेला आहे की मधोमध, पोल कोणत्या तारखेला ओतला, याची उत्तरं मिळवण्यात माझे सात आठवडे गेले. आखणी, खड्डे, उभारणी आणि तार ओढणं हे सगळं बारा दिवसांत आटोपलं. म्हणून हे जास्त करून पोलबद्दलच लिहितो आहे.

आमचा धुरा, म्हणजे दोन वावरांमधला बांध, सरळ ६०० फुटांचा. वरचे ४०० फूट बरड, दीड-दोन फुटांवर मुरूम लागतो. नाल्याकडचे २०० फूट काळी भारी जमीन. हद्द कायम मोजणी आधीच झालेली होती, दगड जागेवर होते. ज्यांची झालेली नाही त्यांनी ती करून 'क' प्रत (मोजणीचा नकाशा) हातात आल्याशिवाय एकही खड्डा खणू नये. सामाईक कुंपणाचा पोल हद्दीच्या रेषेवर बसतो, म्हणजे सहा इंची पोलचे तीन इंच इकडे आणि तीन इंच तिकडे. खड्डा दीड फुटाचा असतो, तो दोन्ही वावरांत नऊ-नऊ इंच जातो. शेजाऱ्याला हे आधी दोरी लावून दाखवायचं. नुसतं तोंडी सांगितलं तर खणताना त्याला आपण त्याच्या वावरात शिरल्यासारखं वाटतं.

शेजाऱ्याचं म्हणणं होतं की सगळेच पोल जाड घ्यायचे आणि दहा-दहा फुटांवर लावायचे. माझं म्हणणं, मधले पोल चार इंची घेऊन आठ फुटांवर लावू, वाचलेला पैसा टोकाच्या पोलमध्ये घालू. ६०० फुटांना दहा फुटांच्या अंतराने ६१ पोल लागतात, आठच्या अंतराने ७६. पंधरा पोल जास्त दिसतात खरे, पण ज्याच्यासाठी कुंपण घालायचं ते रानडुक्कर पोलला धडक देत नाही. ते दोन पोलच्या मधे खालची तार नाकाने उचलून शिरतं, आणि दहा फुटांच्या अंतरात तार सहज उचलली जाते.

मधल्या पोलला दोन्हीकडून तार ओढते, ते ताण एकमेकांना मारतात. त्याला फक्त जनावराचा धक्का आणि वारा सोसायचा असतो. टोकाच्या पोलला मात्र ताण एकाच बाजूने असतो. एका तारेला पन्नास किलो ताण धरला तरी पाच तारांचा अडीचशे किलो होतो, आणि तो रात्रंदिवस ओढत राहतो. म्हणून मधला पोल आणि टोकाचा पोल या दोन वेगळ्या वस्तू समजाव्यात. सगळीकडे एकच माप घेतलं की टोकाचा पोल दुसऱ्या पावसाळ्यात आत झुकतो, तारा ढिल्या पडतात, आणि दोष मधल्या पोलवर जातो.

शेवटी ठरलं ते असं. टोकाचे दोन आणि मधे दर २०० फुटांवर एक असे दोन, मिळून चार पोल सहा बाय सहा इंच, आठ फुटी, तीन फूट जमिनीत. बरड भागात ४८ पोल चार बाय चार, सात फुटी, दोन फूट जमिनीत. काळ्या जमिनीत २४ पोल चार बाय चारच, पण आठ फुटी, तीन फूट जमिनीत. वर सगळीकडे पाच फूट. तिरप्या सपोर्टसाठी सात फुटी सहा पोल वेगळे: टोकांना एकेक, मधल्या दोन जाड पोलना दोन्ही बाजूंनी. सपोर्ट कुंपणाच्या रेषेतच ठेवायचा. वावरात आडवा ठेवला तर वखर आणि ट्रॅक्टर वळवताना तोच पहिल्यांदा तुटतो.

हे सगळं एका कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या: मापं, संख्या, निम्मा-निम्मा खर्च, आणि पुढे पोल मोडला तर बदलायचा कोणी. हा कागद पोलची ऑर्डर देण्याआधी करावा. पोल येऊन पडले की पैशाचं बोलणं कडू होतं.

आता पोलवाल्याकडची गोष्ट.

चौकोनी पोलची वाकण्याला तोंड देण्याची ताकद बाजूच्या घनाने वाढते. चारचा घन ६४, पाचचा १२५. माल आणि सळई त्याच दर्जाची असेल तर एका इंचात ताकद जवळजवळ दुप्पट होते आणि वजन फक्त दीडपटीच्या थोडं वर जातं. उलट बाजूनेही हेच खरं आहे. साचा झिजलेला किंवा मुद्दाम लहान केलेला असतो, 'चार बाय चार' म्हणून साडेतीनचा पोल मिळतो, आणि अर्ध्या इंचात एक तृतीयांश ताकद गेलेली असते. डोळ्याला हा फरक कळत नाही. टेप लावायचा, तोही दोन्ही टोकांना आणि मधे, कारण काही साचे वर निमुळते असतात आणि विकणारा माप बुडाचं सांगतो. टेप नसेल तर वजनकाट्यावर ठेवा. सात फुटी खऱ्या चार इंची पोलचं वजन ५३ ते ५५ किलो भरतं, साडेतीन इंचीचं ४१-४२. सहा इंची आठ फुटी पोल १४० किलोच्या आसपास जातो, तो दोन माणसांनी उचलला तर समजा की तो सहा इंची नाही.

माझ्या पहिल्या पावतीवर फक्त '७ फुटी पोल' आणि नग लिहिलेले होते. माल पाहायला गेलो तर टेपवर पावणेचार आणि साडेतीन इंच. परत पाठवायला पावतीचा उपयोग शून्य, कारण तिच्यावर जाडी नव्हतीच. पावतीवर चार गोष्टी लिहून घ्या: जाडी, सळईची संख्या आणि मिलिमीटर, भोकांची मापं, आणि ओतल्याची तारीख. शेवटची लिहायला कोणी तयार होत नाही, आणि माझे सात आठवडे तिच्यापायीच गेले.

सळईबद्दल आधी. चार इंची पोलमध्ये ६ मिलिमीटरच्या चार सळया चार कोपऱ्यांत हव्यात, सहा इंची पोलमध्ये ८ मिलिमीटरच्या चार. सळईबाहेर पाऊण इंच माल हवा. त्याहून कमी असेल तर पाणी सळईपर्यंत पोचतं, गंज फुगतो आणि कोपरा उकलून पडतो. पोल वाकतो तेव्हा ताण कडेला येतो, त्यामुळे मधोमध घातलेली एक जाड सळई जवळजवळ वाया जाते. सळयांना बांधून ठेवणाऱ्या रिंगा सहा-सहा इंचांवर, कारण त्या नसतील तर माल ओतताना सळया सरकून मधे गोळा होतात. हे पाहायला तुटलेला पोल मागायचा. प्रत्येक ठिकाणी एक-दोन तुटलेले पडलेले असतातच, त्याचं तोंड पाहिलं की आतलं सगळं कळतं. तुटलेला एकही नाही म्हणाले तर त्यांच्याच कुंपणाच्या मागच्या बाजूला चक्कर मारा.

आता तारीख. सिमेंटचा माल पूर्ण ताकदीला २८ दिवस घेतो. सातव्या दिवशी साधारण दोन तृतीयांशापर्यंत आलेला असतो, तोही पाणी नीट मारलं असेल तर. विदर्भात मार्च-एप्रिलच्या उन्हात पोल उघड्यावर ठेवून सकाळ-संध्याकाळ एकदा पाइप फिरवला तर मधल्या वेळात तो कोरडा पडतो. बाहेरचा थर पांढरट आणि पिठूळ होतो, मग ती ताकद नंतर कितीही पाणी मारून येत नाही. ओलं बारदान टाकून किमान दहा दिवस सतत ओलावा ठेवायला हवा. मला पहिल्यांदा दाखवलेले पोल पाच दिवसांचे होते. "उचलता येतात म्हणजे पक्के झाले" हे उत्तर मी तीन ठिकाणी ऐकलं. कच्चा पोल उचलता येतो, पण पांधणीत, म्हणजे शेताच्या कच्च्या रस्त्यात, ट्रॉली हादरली की त्याला केसासारखी बारीक चीर जाते. ती वर दिसत नाही. पावसाळ्यात तिच्यातून पाणी शिरतं आणि काही वर्षांनी पोल बरोबर जमिनीच्या पातळीवर मोडतो, कारण सगळ्यात जास्त ताण तिथेच असतो.

म्हणून मी तयार माल घेण्याचा नाद सोडला, आपल्यासमोर ओतून घ्यायचे ठरवले, आणि वाट पाहिली. ओतल्याच्या दिवशी प्रत्येक दहाव्या पोलवर ओल्या मालात खिळ्याने तारीख कोरायला लावली. हे नक्की करा. रंगाने लिहिलेली तारीख नंतर बदलता येते, कोरलेली बदलता येत नाही. लग्नसराईत मजूर नाहीत, गिट्टी आली नाही, अशी कारणं सांगून ओतणंच तीन आठवडे पुढे गेलं, त्यावर २८ दिवस. या काळात शेजारी रोज विचारायचा आणि तयार माल समोर पडलेला असायचा. इथे धीर सुटतो, आणि घाईत घेतलेला पोलच नंतर बदलावा लागतो. आगाऊ रक्कम निम्म्यापेक्षा जास्त देऊ नका. माझी जास्त गेली होती, त्यामुळे ओतणाऱ्याला घाई उरली नव्हती.

माल घेताना दोन परीक्षा कराव्यात. हातोडी हलकेच मारली तर पक्का पोल खणकन वाजतो, कच्चा किंवा चिरलेला भद्द आवाज देतो. दुसरी परीक्षा फक्त एका पोलवर: सात फुटी पोलची दोन्ही टोकं विटांवर टेकवा, मधे सहा फूट मोकळं ठेवा आणि साधारण ६५ किलोच्या माणसाला मधोमध सावकाश उभं करा. चांगल्या चार इंची पोलला खालून चीर जात नाही. गेली तर ती ट्रॉली घेऊ नये. आमचा सगळा माल पाच टनांच्या थोडा वर भरला, त्याच्या दोन खेपा केल्या. पोल ट्रॉलीत उभे न रचता आडवे, खाली तणसाचा थर देऊन ठेवावेत.

भोकांचं राहिलंच. पाच तारांसाठी भोकांची मापं पोलच्या वरच्या टोकापासून द्या: ४, २२, ३६, ४६ आणि ५४ इंच. बुडापासून दिली तर सात फुटी आणि आठ फुटी पोलची भोकं जुळत नाहीत. या मापाने खालची तार जमिनीपासून सहा इंचांवर येते आणि तळाशी तारा दाट राहतात, डुकरासाठी तेच हवं.

उभारणी बरड भागात सोपी गेली. मुरूम आणि दगड सहा-सहा इंचांच्या थरात टाकून पहारीने ठोकले, काँक्रीटची गरज पडली नाही. जाड पोलच्या खड्ड्यात मात्र काँक्रीटच: दीड फूट चौरस, तीन फूट खोल खड्ड्याला १:२:४ (सिमेंट, रेती, गिट्टी) प्रमाणाने साधारण एक बॅग सिमेंट लागतं. सपोर्टच्या बुडाला अर्धी-अर्धी बॅग. काँक्रीट भरल्यावर तार ओढायला किमान दहा दिवस थांबा, तोवर मधले पोल उभे होतात.

काळ्या जमिनीत वेगळं गणित आहे. ती उन्हाळ्यात फाटते आणि पावसात फुगते, वरचा थर सगळ्यात जास्त हलतो. म्हणूनच तिथे जाडी वाढवून उपयोग नाही, खोली वाढवावी लागते. जाड पण दोनच फूट गाडलेला पोल तिथे फक्त जास्त वजनाने कलंडतो. खड्डा वर रुंद आणि खाली अरुंद करू नका, फुगणारी माती त्या रुंद भागाला धरून पोल वर उचलते. बुडाला थोडा रुंद असलेला चांगला. भरायला खणून काढलेली काळी माती वापरायची नाही, मुरूमच घ्यायचा. पण वरचे सहा इंच मात्र काळी माती ठोकून पोलभोवती उंचवटा करायचा, नाहीतर मुरमाचा खड्डा पाणी साठवून विहीर होतो.

काटेरी तार १२ गेजची घेतली. ६०० फुटांना पाच तारा म्हणजे ३००० फूट, वाया जाणारी धरून ९६० मीटर. किलोला आठ-नऊ मीटर भरते, म्हणजे ११० ते १२० किलो. बंडल घेताना एक मीटर तुकडा तोलून पाहा. हलका भरला तर तार बारीक आहे. तार टोकाच्या पोललाच घट्ट बांधायची. मधल्या पोलच्या भोकातून ती सरकती ठेवायची, म्हणजे पुन्हा ताणताना प्रत्येक पोल सोडवावा लागत नाही.

धुऱ्यावरून कोणाची वहिवाट असेल तर तेवढं फाटक सोडा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदार धुऱ्यावरून रस्ता देऊ शकतात, आणि मग उभं कुंपण काढावं लागतं. फाटकाचे दोन्ही पोल सहा इंचीच धरा, ते हिशेबात आधीच घ्या. घरच्या लाइनचा करंट या तारांत कधीही सोडायचा नाही, त्याने माणूस मरतो. झटका मशीन लावायचं असेल तर त्याची तार वेगळी, इन्सुलेटरवरून न्यावी लागते.

मृगाच्या पहिल्या दोन मोठ्या पावसांनंतर दोघांनी मिळून एक फेरी मारायची, ओळंबा आणि पहार घेऊन. काळ्या जमिनीतले चार पोल आमच्याकडे अर्धा-अर्धा इंच कलले होते. माती ओली होती तोवर सरळ करून पुन्हा ठोकले, तासाभराचं काम.