तुम्ही विचारलंत म्हणून: उंचीचं इंजेक्शन

"एवढ्या तपासण्या केल्यात, मग इंजेक्शन का नाही चालू केलं?" सोसायटीच्या लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, कोथरूडला क्लासबाहेर गाडीवर टेकून मुलाची वाट बघताना, दोन वर्षं हा प्रश्न मला विचारला जातोय. काही जण पुढचं मनात ठेवतात, काही बोलून दाखवतात: परवडत नसेल. बारला लटकव, चॉकलेटी पावडर दे, अश्वगंधा दे, असं सांगणारे निराळेच. तेही करून झालं. बार अजून दारात आहे, त्यावर टॉवेल वाळतात.

तर उत्तर. ते इंजेक्शन ग्रोथ हॉर्मोनचं, म्हणजे उंची वाढवणाऱ्या हॉर्मोनचं असतं, आणि माझ्या मुलाच्या अंगात ते पुरेसं तयार होतंय. तपासायला नेलं तेव्हा तो १३ वर्षं ८ महिन्यांचा होता, उंची १३७ सेंटीमीटर. २०१५ सालचे बालरोगतज्ज्ञ संघटनेचे वाढीचे आलेख असतात, ज्यांच्या कामात पुण्यातल्याच डॉक्टरांचा मोठा वाटा आहे; त्यातल्या सर्वांत खालच्या रेषेच्याही खाली त्याचा ठिपका पडला. मागच्या वर्षभरात वाढ फक्त ४ सेंटीमीटर. डाव्या हाताचा एक्स-रे काढला, तर हाडांचं वय ११. म्हणजे शरीराचं घड्याळच अडीचेक वर्षं मागे. हाडं कोवळी आहेत, वाढायला जागा आहे. थायरॉइड ठीक, गव्हातल्या ग्लुटेनने आतडं बिघडवणारा सीलिअ‍ॅक नाही. आम्हा दोघांच्या उंचीची बेरीज करून त्यात १३ मिळवून निम्मे केले, की मुलाची अपेक्षित उंची येते. माझी १७२, बायकोची १५६. म्हणजे साधारण १७०. "उशिराची गाडी आहे, रद्द झालेली नाही," असं डॉक्टर म्हणाल्या.

एवढं मी तोंडपाठ म्हणतो. लिफ्ट चौथ्या मजल्यावर येईपर्यंत पुरतं.

आता उरलेलं.

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी त्याला भिंतीला टाचा टेकवून तीनदा मोजलं. मग पडद्याआड नेलं. त्यांच्या हातात मण्यांची माळ होती. १२ मणी, सर्वांत लहान १ मिलीचा, सर्वांत मोठा २५ चा. मुलाचे वृषण त्या मण्यांशी ताडून बघतात. ४ चा मणी जुळला की वयात यायला सुरुवात झाली. त्याचा जुळला ३ चा. (घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, जपमाळेचं आता एवढंच व्हायचं राहिलं होतं.)

तो पँट नीट करून बाहेर आला, खुर्चीत बसला, आणि डॉक्टरांनी बायकोला विचारलं, "तुमची पाळी कधी सुरू झाली?" "तेराव्या वर्षी." मुलगा समोर होता, तरी ती अडखळली नाही. मग माझ्याकडे वळल्या. "आणि बाबा, तुमची उंची कधी वाढली? दाढी कधी आली?"

मी म्हणालो, "नववीत."

खोटं. अकरावीला मी वर्गात लवंगी म्हणून ओळखला जायचो. घरचा फोन मी उचलला की पलीकडून "ताई, बाबांना द्या ना" असं यायचं. बारावीच्या परीक्षेनंतर मी वाढायला लागलो, आणि ब्लेड पहिल्यांदा हातात घेतलं ते एफ.वाय.ला. हे बायकोलाही ठाऊक नव्हतं. उंच झाल्यावर मी ती दोन वर्षं पुसूनच टाकली होती.

का खोटं बोललो? वयच आठवत नव्हतं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. आठवत होतं. तो बघत होता म्हणून बोललो. त्याला वाटावं की बाप तरी धड आहे. आता लिहिताना हे कारणही मला जरा जास्तच गोड वाटतंय.

बापाचा इतिहास सरळ, मुलगा मात्र मागे. मग डॉक्टर पुढे जाणारच. ग्रोथ हॉर्मोनची टेस्ट ठरली. आठवडाभर आधी टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हॉर्मोनचं एक इंजेक्शन, कारण वयात यायच्या उंबरठ्यावरच्या मुलांत त्याशिवाय आकडा उगाच कमी दिसू शकतो. टेस्टच्या दिवशी रात्रीपासून उपाशी. सकाळी आठला हाताला सुई लावायची होती. पहिली शीर फुटली, दुसरी सापडेना. तिसऱ्यांदा लागली तेव्हा त्याने ओठ चावला होता. मग ग्रोथ हॉर्मोन उसळवणारी क्लोनिडिनची गोळी आणि दर अर्ध्या तासाने रक्त, दोन तास. त्या गोळीने रक्तदाब उतरतो, झोप येते. तो पांढराफटक पडून होता. लघवीला जायचं म्हणाला तर सिस्टरांनी उठू दिलं नाही, भांडं दिलं. तेरा वर्षांच्या मुलाला, आईसमोर. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "माझ्यात काय बिघडलंय?" बायको पाय चोळत होती. मी सलाईनच्या स्टँडकडे बघत होतो. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोललो.

ग्रोथ हॉर्मोनचा आकडा १४ च्या पुढे आला. नॉर्मल.

आठवड्याने आईच जेवताना म्हणाली, "अरे तुझंही असंच होतं की. बारावीनंतर वर्षात दोनदा पँटी उसवून लांब केल्या मी." बायकोने वाढता वाढता हात थांबवला. मुलाने विचारलं, "बाबा, मग तू डॉक्टरांना सांगितलं का नाहीस?"

नंतर मी एकटा जाऊन डॉक्टरांना सांगून आलो. रागावल्या नाहीत. "आधी कळलं असतं तर कदाचित सहा महिने नुसतं मोजत थांबलो असतो," म्हणाल्या. "कदाचित टेस्ट तरीही केली असती." त्या दुसऱ्या 'कदाचित'वर मी बरेच दिवस काढले. अजूनही रात्री तेवढंच हाताशी येतं.

आता तुमच्या प्रश्नाकडे. ग्रोथ हॉर्मोन नको होतं, हे खरं. पण दुसरं एक इंजेक्शन होतं, ते तुम्हाला कोणालाच माहीत नाही. त्याला १४ पूर्ण झाले तरी मणी ३ वरच होता, तेव्हा डॉक्टरांनी सुचवलं: टेस्टोस्टेरॉनचा छोटा डोस, महिन्यातून एकदा, चार-सहा महिने, घड्याळाला जरा धक्का द्यायला. घेतलंच पाहिजे असं नाही, त्याला वर्गात त्रास होत असेल तर. त्रास होत होता. त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं, "सुई नको." म्हणून नाही दिलं. परवडत होतं.

द्यायला हवं होतं का? बायको म्हणते, त्याचं शरीर, त्याचा निर्णय. मी म्हणतो, तो निर्णय त्याने त्या सकाळच्या पलंगावर घेतला, आणि तिथे त्याला मी झोपवलं होतं. आमचं यावर एकमत नाही.

आता तो साडेपंधरा वर्षांचा आहे. मणी ८ चा, उंची १४८. मित्र खांद्यावर हात टाकतात तेव्हा तो अजून कोपराखालीच असतो. आवाज फुटलेला नाही. परवा पार्सलवाल्याचा फोन आला, "मॅडम, गेटवर ठेवू का?" "ठेवा," म्हणाला आणि फोन खाली ठेवला. मी लगेच सरसावून म्हणालो, "मला तर ताई म्हणायचे."

"बाबा," तो म्हणाला, "हे तू आत्तापर्यंत चार वेळा सांगितलंयस."