बाईंच्या वहीतला ‘ॲडमिन’

तिकिटावर एवढंच होतं : ‘नेट चालू. बँक उघडत नाही. तिसरी तक्रार.’ आधीच्या दोन्ही भेटींवर शेरा, ‘रिस्टार्ट केले, सुरळीत.’ आमच्या कामात हा शेरा म्हणजे ‘मला काही कळलं नाही आणि पुढचं घर वाट बघतंय.’ ऑफिसात दिवसाला किती तिकिटं बंद झाली एवढंच मोजतात, त्यामुळे शेरा लिहिणाऱ्याला दोष देत नाही. मीही लिहिलाय.

नाशिकमध्ये फायबरचं नेट देणाऱ्या एका स्थानिक ऑपरेटरकडे मी फील्डला आहे. दिवसाला बारा-चौदा घरं. त्यातल्या निम्म्या घरांत दोष ॲडॅप्टरचा निघतो हे सांगितलं तर कोणाला पटत नाही. १२ व्होल्टच्या डब्याला, म्हणजे फायबर घरात येते तिथल्या आमच्या राउटरला, कोणीतरी ९ व्होल्टचा जुना ॲडॅप्टर लावलेला असतो. पिन तीच बसते, दिवेही लागतात, आणि वाय-फायवर चार जण आले की डबा आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होतो. मग ‘तुमचं नेट सारखं जातं’ अशी कंप्लेंट येते.

इथे तसलं काही नव्हतं. लाल दिवा नाही. पॉवर मीटरवर फायबरमधल्या प्रकाशाची ताकद उणे १९.४ डीबीएम आली. उणे २७ पर्यंत डबा तग धरतो, म्हणजे लाइन ठणठणीत. शंभर एमबीपीएसच्या प्लॅनला स्पीड सत्त्याण्णव. ऑफिसच्या हिशोबाने तक्रार इथेच संपते.

पण घर बाईंचं होतं. निवृत्त शिक्षिका, सगळी सोसायटी त्यांना बाईच म्हणते. त्यांनी तारीखवार कागद लिहून ठेवला होता. लॅपटॉपवर बँकेचं पान उघडलं की लाल इशारा, ‘तुमचं कनेक्शन खाजगी नाही’, आणि पुढे जायचा पर्यायच नाही. बातम्यांच्या पानावर भलत्याच जाहिराती. त्यांच्या फोनवर बँकेचं ॲप वाय-फायवर ‘नेटवर्क एरर’ देतं, मोबाइल डेटावर नीट चालतं. सूनबाईंच्या फोनवर मात्र त्याच वाय-फायवर सगळं व्यवस्थित. शाखेत विचारलं तर ‘लॅपटॉप साफ करून घ्या’ असं उत्तर मिळालं होतं.

हा कागद आमच्या तिकिटापेक्षा शंभरपट चांगला होता. एकच लाइन, एकच वाय-फाय, दोन फोन, दोन निकाल. सूनबाईंचा फोन मागून घेतला आणि नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ बघितलं. जाहिराती अडवायला त्यांनी तिथे एका सेवेचं नाव टाकलेलं होतं. अँड्रॉइड ९ पासून ही सोय आहे. नाव टाकलेलं असलं की साइटचा पत्ता शोधायला फोन राउटरने दिलेल्या डीएनएसकडे, म्हणजे पत्ते सांगणाऱ्या सर्व्हरकडे, जात नाही, थेट त्या सेवेला विचारतो. म्हणजे हा एकच फोन राउटरचं ऐकत नव्हता, आणि तेवढाच बरोबर चालत होता.

आता राउटरच्या सेटिंगचं पान उघडायचं. हे काम दिसतं सोपं, पण निम्मे लोक इथेच अडकतात. १९२.१६८.१.१ हा आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण तो सगळ्या राउटरांचा पत्ता नाही. कुठे १९२.१६८.०.१ असतो, जिओच्या डब्याला १९२.१६८.२९.१, शाओमीला १९२.१६८.३१.१. पाठांतर करू नये, विचारावं. विंडोजमध्ये कमांडच्या काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ टाकलं की ‘डीफॉल्ट गेटवे’समोर पत्ता येतो. अँड्रॉइडवर जोडलेल्या वाय-फायच्या तपशिलात ‘गेटवे’ म्हणून, आयफोनवर ‘राउटर’ म्हणून. तो आकडा ब्राउझरच्या वरच्या पट्टीत टाकायचा, शोधायच्या चौकटीत नाही. शोधात टाकला की लॉगिनच्या नावाने दुकानं मांडून बसलेली पानं येतात आणि राउटर जागच्या जागी राहतो. एकाच्या जागी इंग्रजी एल टाकणारे रोज भेटतात. पान उघडत नसेल तर फोनचा मोबाइल डेटा बंद करावा, कारण वाय-फायला नेट नसलं की फोन गुपचूप डेटावर जातो आणि तिथून घरातला राउटर दिसत नाही. व्हीपीएन बंद करावं. गेस्ट नेटवर्कवर असाल तर बहुतेक राउटर हे पान दाखवतच नाहीत.

बाईंच्या लॅपटॉपवर ‘आयपीकॉन्फिग’ला ‘ऑल’ जोडून बघितलं. गेटवे आला १९२.१६८.०.१. आमचा डबा तर १९२.१६८.१.१ वर असतो. म्हणजे घरात दोन राउटर. आतल्या खोलीत कपाटावर दुसरा सापडला, बाईंच्या भाच्याने आणून दिलेला. आमच्या डब्यातून निघालेली वायर त्याच्या वॅन पोर्टात, म्हणजे बाहेरचं नेट आत घेणाऱ्या खाचेत, गेलेली.

आधीचे दोघे कसे फसले ते इथे कळलं, आणि त्यांची थोडी कीवही आली. दुसऱ्या राउटरमागे बसून १९२.१६८.१.१ टाकलं तरी आमच्या डब्याचं पान उघडतं, कारण आतला राउटर अनोळखी पत्ता पुढे ढकलतो आणि पुढे आमचा डबाच बसलेला असतो. त्यांनी पान उघडलं, सगळं हिरवं दिसलं. एकाने तर तिथला डीएनएस बदलून ८.८.८.८, म्हणजे गूगलचा, केला होता. उपाय बरोबर होता, डबा चुकला होता. लॅपटॉपला डीएनएस देत होता कपाटावरचा राउटर.

आणि त्याने दिलेले डीएनएस दोन होते. दुसरा ८.८.८.८, पहिला कुठलातरी परका आकडा, आमच्या कंपनीचा नव्हे, कुठल्या ओळखीच्या सेवेचाही नव्हे. ही जोडी बेमालूम असते. पहिला खोटी उत्तरं देतो. तो बंद पडला तर दुसरा खरी देतो, म्हणजे नेट कधीच पूर्ण जात नाही आणि कोणाला संशय येत नाही. खात्री करायला ‘एनएसलुकअप’ या डीएनएसला थेट प्रश्न विचारणाऱ्या कमांडने एक निरर्थक नाव विचारलं, कीबोर्डवर हात आपटून तयार केलेलं. ८.८.८.८ म्हणाला असं नावच नाही. परक्याने बिनदिक्कत पत्ता दिला. बँकेचं नाव विचारलं तर दोघांची उत्तरं वेगळी. नुसती वेगळी उत्तरं हा पुरावा नसतो, मोठ्या साइट जागेप्रमाणे वेगळे पत्ते देतात, पण लाल इशारा आणि हे दोन्ही एकत्र धरलं की शंकेला जागा उरत नाही.

बाईंना सांगितलं, डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारा. त्या म्हणाल्या, “म्हणजे बँक कुठे विचारलं आणि कोणीतरी मुद्दाम भलत्या गल्लीत पाठवलं.” अगदी तेच. गल्लीतल्या खोट्या बँकेकडे खऱ्या बँकेचं प्रमाणपत्र नसतं, म्हणून ब्राउझर लाल होतो. तो इशारा वाचून त्या थांबल्या, म्हणून खातं शाबूत.

आता १९२.१६८.०.१ उघडलं. यूजरनेम, पासवर्ड. बाईंना विचारलं. त्या आतून वही घेऊन आल्या. गॅसचा नंबर, विजेचा ग्राहक क्रमांक, आणि एका पानावर ‘राउटर’. खाली वाय-फायचं नाव, वाय-फायचा पासवर्ड, आणि त्याखाली ‘लॉगिन : ॲडमिन / ॲडमिन’, इंग्रजीत.

अक्षर माझं होतं.

दोनेक वर्षांपूर्वी मीच हे कनेक्शन टाकलं होतं. ग्राहकाच्या उपकरणाला हात लावू नका असा ऑफिसचा नियम आहे, पण भाच्याचा राउटर पेटीतून काढलेला समोर होता आणि बाई म्हणाल्या, “अरे, एवढं लावून दे ना.” लावून दिला. वाय-फायचं नाव बदललं, पासवर्ड चांगला बारा अक्षरी ठेवला, आणि सेटिंगच्या पानाचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच सोडला. हल्लीचे राउटर पहिल्या लॉगिनला नवा पासवर्ड घातल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. हा जुन्या पठडीतला, त्याने काही विचारलं नाही, मीही नाही.

लोकांना वाटतं, वाय-फायचा पासवर्ड बदलला की राउटर सुरक्षित. ती दोन कुलपं आहेत. पहिलं घरात कोण येणार ते ठरवतं, दुसरं घराचा नकाशा कोण बदलणार ते. आणि दुसऱ्या कुलपापर्यंत पोचायला चोराला घराबाहेर उभं राहावं लागत नाही. या राउटरचं रिमोट मॅनेजमेंट, म्हणजे घराबाहेरून सेटिंग बदलणं, बंदच होतं, पुढे आमचा डबा होता, म्हणजे रस्ता बाहेरून नसावा. एखाद्या पानात किंवा जाहिरातीत दडवलेला तुकडा घरातल्याच ब्राउझरला सांगतो, राउटरचं अमुक पान उघड, ॲडमिन-ॲडमिन घाल, डीएनएसच्या जागी हा आकडा लिही. ब्राउझर घरातला, राउटरला तो आपलाच वाटतो. माझ्या मते इथे असंच झालं. नक्की कधी, ते कळायला लॉग उघडला. पहिली नोंद १ जानेवारी १९७०. या राउटरांत घड्याळाला बॅटरी नसते. वीज गेली की लॉगही जातो आणि वेळही शून्यावर येते. आमच्याकडे वीज किती वेळा जाते ते सांगायला नको.

“पण आमच्यासारख्यांच्या मागे कोण लागेल?” बाईंनी विचारलं. मागे कोणीच लागत नाही, घाऊक काम असतं. ब्राझीलमध्ये २०११ च्या सुमारास डीएनएस बदललेले ४५ लाख मोडेम निघाले होते. अमेरिकेची तपास यंत्रणा एफबीआयने उघडकीला आणलेल्या एका टोळीचे खोटे डीएनएस सर्व्हर काढून त्यांच्या जागी खरे बसवावे लागले आणि ते ९ जुलै २०१२ पर्यंत चालू ठेवावे लागले, कारण एकदम बंद केले असते तर कित्येकांचं नेट गेलं असतं.

दुरुस्तीचा क्रम इथे महत्त्वाचा. नुसता डीएनएसचा आकडा पुसून निघालो असतो तर महिन्याभरात चौथी तक्रार आली असती. आधी कपाटावरच्या राउटरची वायर काढली. मग त्याच्या पोटावरच्या स्टिकरवरून मॉडेल आणि हार्डवेअर व्हर्जन बघितलं. मॉडेल तेच पण व्हर्जन दोनचं फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, व्हर्जन तीनमध्ये घातलं तर राउटरची वीट होऊ शकते, म्हणजे तो कायमचा निकामी. लॅपटॉप माझ्या हॉटस्पॉटला जोडून उत्पादकाच्या साइटवरून फर्मवेअर उतरवलं. खोट्या डीएनएसवरून फर्मवेअर उतरवणं म्हणजे चोरालाच किल्ली करायला सांगणं. राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर नव्हता, म्हणून एक्स्टेंशन ओढली, कारण फर्मवेअर चढताना वीज गेली तरी वीटच. रिसेटच्या भोकात टाचणी दहा सेकंद, मग लॅन केबलने फर्मवेअर, मग पुन्हा रिसेट. फर्मवेअर वाय-फायवरून कधी चढवू नये.

(हाच रिसेट लोक आमच्या फायबरच्या डब्यावर करतात आणि पीपीपीओईचं यूजरनेम, व्हीलॅन नंबर, म्हणजे आमच्या लाइनला जोडायची सेटिंग, सगळं उडवून बसतात. त्या डब्याला टाचणी लावायच्या आधी प्रत्येक पानाचा फोटो काढावा. खरं तर लावूच नये.)

दोन राउटर एकामागे एक राउटिंग करतात ही मूळ कटकटही काढून टाकली. आतल्याला फक्त वाय-फाय पसरवायचं काम दिलं. आमच्या डब्यात पत्ते वाटायची सुरुवात २ पासून होती, ती २० वर नेली. आतल्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.२ केला, नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन झालो, वाय-फायचं नाव आणि पासवर्ड पूर्वीचेच घातले, लॉगिनला सोळा अक्षरी पासवर्ड ठेवला. डब्लूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने वाय-फाय जोडायची सोय, बंद, कारण त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत सापडतो. शेवटी डीएचसीपी, म्हणजे त्याचं पत्ते वाटायचं काम, बंद, आणि आमच्या डब्याकडची वायर वॅनमध्ये न घालता घरातल्या उपकरणांसाठीच्या लॅन पोर्टात. मी वायर घालायच्या आधी लॅपटॉपची केबल काढून लावली, तर थोड्या वेळाने १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आला. पत्ता वाटणारा कोणी नाही असा त्याचा अर्थ. वायर घातल्यावर सरळ झाला.

टीव्ही आणि बाईंचा फोन तरी जुनंच बोलत होते. डीएचसीपीने दिलेला पत्ता आणि डीएनएस ठरलेल्या मुदतीपुरते उपकरणापाशी राहतात, बऱ्याचदा एक दिवस. टीव्ही प्लगपासून बंद करून चालू केला, फोनवर नेटवर्क ‘फरगेट’ करून पुन्हा जोडलं, लॅपटॉपवर डीएनएसची साठवण पुसली. बँकेचं पान उघडलं. तरी बँकेचा पासवर्ड बदलायला लावला.

आमच्या डब्याचा पासवर्डही बदलायचा होता. तो ऑफिसने सगळ्या डब्यांना एकच ठेवलाय, म्हणजे फील्डला तीन महिने राहून सोडून गेलेल्या प्रत्येकाला तो पाठ आहे. फोन करून विचारलं. “तू बदललास तर दुसऱ्या पोराने कसं उघडायचं?” असं उत्तर आलं. तसाच ठेवला. ब्राझीलची गोष्ट त्यांना सांगायला हवी होती, तेव्हा सुचली नाही.

बाईंच्या वहीत जुनी ओळ खोडून नवा पत्ता आणि पासवर्ड लिहिला. त्यांनी चष्मा लावून बघितला. “हे शून्य की ओ?” शून्याच्या पोटात आडवी रेघ मारून दिली. मग त्या खोडलेल्या ओळीकडे बघत म्हणाल्या, “ए चं पोट तू तेव्हाही उघडंच ठेवायचास.” एवढंच. चहा झाला.

खाली जिन्यात तिकीट बंद करायला ॲप उघडलं. कारण निवडल्याशिवाय बंद होत नाही, आणि कारणं चारच आहेत : फायबर तुटली, ॲडॅप्टर खराब, ग्राहकाचे उपकरण, रिस्टार्ट. मी ‘ग्राहकाचे उपकरण’ निवडलं.