कार्डावर दोन टक्के जास्त पडतील

मोबाइलच्या दुकानात, सराफाकडे, ट्रॅव्हल एजंटच्या टेबलापाशी हे वाक्य हमखास कानावर पडतं. "कार्ड चालेल, पण दोन टक्के जास्त पडतील. बँक कापते ना आमचे!" कॅल्क्युलेटर पुढे सरकतो. ५०,००० चे दोन टक्के, म्हणजे १,००० रुपये. गिऱ्हाईक मान डोलावतं. कार्ड कुठलं आहे, हे मात्र ना दुकानदार विचारत, ना गिऱ्हाईक सांगत. आणि सगळी गोम तिथेच आहे.

बँक कापते त्या रकमेला एमडीआर म्हणतात, मर्चंट डिस्काउंट रेट. आधी डेबिट कार्ड घेऊ, कारण तिथे हिशेब स्वच्छ आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकाने १ जानेवारी २०१८ पासून डेबिट कार्डाच्या एमडीआरला कमाल मर्यादा घातली. वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असलेल्या दुकानाला स्वाइप मशीनवर जास्तीत जास्त ०.४० टक्के, आणि एका व्यवहाराला २०० रुपयांच्या वर नाही. त्याहून मोठ्या दुकानाला ०.९० टक्के, कमाल १,००० रुपये. म्हणजे ५०,००० च्या बिलावर छोट्या दुकानाचे फार तर २०० रुपये जातात, मोठ्याचे ४५०. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तरी २३६ किंवा ५३१. डेबिट कार्डावर हजार रुपये मागणारा दुकानदार बँकेचं नाव पुढे करून चक्क नफा कमावतो आहे. कार्ड रुपे डेबिट असेल तर १ जानेवारी २०२० पासून एमडीआरच शून्य आहे. तिथे 'बँक कापते' हे सरळ सरळ खोटं.

त्याच परिपत्रकात आणखी एक गोष्ट आहे. डेबिट कार्डाचा एमडीआर दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या माथी मारू नये, हे पाहण्याची जबाबदारी बँकांवर टाकली आहे. त्याआधी सप्टेंबर २०१३ मध्येही रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं होतं, की अशी वसुली करणाऱ्या दुकानाशी संबंध तोडायला हवेत. जबाबदारी कुणावर आहे हे नीट लक्षात ठेवा, तक्रार करताना उपयोगी पडतं.

क्रेडिट कार्डाचं प्रकरण वेगळं. त्याच्या एमडीआरला रिझर्व्ह बँकेने कमाल मर्यादा घातलेली नाही. दर बँक आणि दुकानदार यांच्या करारात ठरतो, साधारण दीड ते अडीच टक्के. तेव्हा इथे दुकानदाराचं रडगाणं खोटं नसतं. पण तेवढ्यावरून ते गिऱ्हाइकाकडून वसूल करायची मुभा मिळत नाही. व्हिसा, मास्टरकार्डच्या नियमांत एरवी कार्डावर जादा आकार लावायला मनाई आहे, आणि मशीन घेताना दुकानदार ज्या करारावर सही करतो तो या नियमांना बांधलेला असतो. '२०० च्या वर असेल तरच कार्ड' ही पाटीही या नियमांत बसत नाही. फक्त डेबिटसारखा रिझर्व्ह बँकेचा थेट शब्द हाताशी नसल्याने इथे भांडण जरा लांबतं.

पेट्रोल पंप हा ठरलेला अपवाद. तिथे क्रेडिट कार्डावर साधारण एक टक्का इंधन अधिभार लागतो आणि बऱ्याच बँका ठरावीक रकमांच्या दरम्यान तो परत करतात. अधिभारावरचा जीएसटी मात्र सहसा परत येत नाही. स्टेटमेंटात दिसणारे ते किरकोळ रुपये त्याचेच.

गंमत म्हणजे 'दोन टक्के' घेऊनही दुकानदाराचं गणित जुळत नाही. क्रेडिट कार्डाचा एमडीआर दोन टक्के धरला, तर ५१,००० स्वाइप केले की तो ५१,००० वर लागतो. त्याचे १,०२०, वर जीएसटी १८३.६०, हातात उरतात ४९,७९६.४०. पुरते ५०,००० हवे असतील तर ५१,२०९ स्वाइप करावे लागतील. अर्थात नेहमीच्या पद्धतीने जीएसटी भरणाऱ्याला तो १८३.६० चा कर आपल्या देय जीएसटीतून वजा करता येतो, कंपोझिशनवाल्याला, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरणाऱ्या छोट्या दुकानदाराला, येत नाही.

सराफाची अडचण मला समजते. सोन्याचा दर रोज जाहीर होतो, कमाई काय ती घडणावळीत. त्यातून दोन टक्के गेले तर उरतं काय? पण मार्ग उलटा आहे. भाव एकच सांगायचा आणि रोखीने किंवा यूपीआयने देणाऱ्याला सूट द्यायची. सूट चालते, दंड चालत नाही. हिशेब तोच, पण बिलात सूट उघड दिसते. जादा रक्कम घेतलीच तर ती मालाच्या किमतीचाच भाग ठरते. ती बिलात यायला हवी आणि तिच्यावर जीएसटी भरायला हवा. शिवाय डबाबंद वस्तूवर एमआरपी छापलेली असते, तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही. मोबाइल बहुधा एमआरपीच्या खाली विकला जातो, म्हणून दोन टक्के त्या फटीत लपतात.

यूपीआयने बचत खात्यातून दिले तर दुकानाला एमडीआर नाही, तिथे जादा मागायचं काही कारणच नाही. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून दिलं तर मात्र लागू शकतो, छोट्या दुकानाला २,००० पर्यंत तोही नाही. दुकानदाराचा क्यूआर खासगी खात्याचा असेल तर क्रेडिट कार्ड चालतच नाही, त्यामुळे 'पेमेंट जात नाही' यात दर वेळी तुमच्या बँकेचा दोष शोधू नका.

आता करायचं काय. पिन टाकण्याआधी मशीनवरची रक्कम वाचा, कारण एकदा पिन टाकला की आपल्या बँकेकडे 'ही रक्कम मला मान्य नव्हती' म्हणणं फार अवघड जातं. जादा घ्यायचेच असतील तर बिलावर वेगळी ओळ टाकून द्या म्हणून सांगा. बिल आणि चार्जस्लिप दोन्हींचे फोटो लगेच काढा, थर्मल कागदावरची अक्षरं कालांतराने उडतात. स्लिपवर मशीनच्या बँकेचं नाव, एमआयडी (दुकानाचा क्रमांक), टीआयडी (मशीनचा क्रमांक) आणि बारा आकडी आरआरएन (व्यवहाराचा संदर्भ क्रमांक) असतो. तक्रार त्या बँकेकडे करायची. लोक आपल्या कार्डाच्या बँकेला फोन लावतात आणि तिथेच प्रकरण विझतं. त्या दुकानाला मशीन दिलंय दुसऱ्याच बँकेने. तक्रारीत बिलाची रक्कम, स्वाइप झालेली रक्कम, फरक आणि हे चार तपशील लिहा, एवढं पुरतं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, माहितीसाठी १४४४८. पण लोकपाल बँकेला विचारतो, दुकानाला नाही. दुकानाविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, १९१५.

या सगळ्याला चकवा देणारी एक युक्ती काउंटरवर चालते. बिल ५०,००० चं, स्वाइपही ५०,००० चंच, आणि "वरचे हजार तेवढे रोख द्या". कागदावर फरकच उरत नाही, मग तक्रार कशाच्या जोरावर करणार? अशा वेळी एवढंच म्हणायचं, "हजार बिलात लिहा, मी तेही कार्डानेच देतो."